डार्विनांच्या परसबागेतील जमाखर्च

चार्ल्स डार्विन हे नाव बहुतेकांना शाळेच्या क्रमिक पुस्तकात प्रथम भेटते. लांब पांढरी दाढी, ‘बीगल’ नावाचे जहाज आणि माणसाच्या पूर्वजांविषयीचा तो प्रसिद्ध वाद, एवढ्यावर ती ओळख बहुधा संपते. त्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी लिहून ठेवलेल्या आठवणी वाचल्या म्हणजे मात्र एक निराळाच गृहस्थ समोर येतो. अंगावर शाल, हातात काठी, दुपारी ठरल्या वेळी बागेत फेरी घालणारा, कुंडीतल्या रोपांवर रागावणारा आणि फुलापाशी उभा राहून त्याला हळुवार स्पर्श करणारा.

त्यांचा मुलगा फ्रान्सिस याने वडिलांच्या पश्चात, १८८७ साली, त्यांचे चरित्र व पत्रे प्रसिद्ध केली. त्यात वडिलांच्या दिनक्रमाविषयी एक दीर्घ प्रकरण आहे. पैशाच्या व्यवहारात वडील अतिशय काटेकोर होते, खर्चाची वर्गवारी करून हिशेब लिहीत आणि वर्षअखेर एखाद्या व्यापाऱ्याप्रमाणे ताळेबंद जुळवीत, असे तो सांगतो. धनादेश दिला की विसर पडण्याआधी त्याची नोंद व्हावी म्हणून ते किती लगबगीने वहीकडे हात नेत, हेही त्याच्या स्मरणात राहिले आहे. १८३९ साली विवाह झाला तेव्हापासूनच्या त्यांच्या हिशेबाच्या वह्या उपलब्ध आहेत. ही सवय बहुधा रक्तातलीच असावी. वडील रॉबर्ट डार्विन पेशाने वैद्य होते. परंतु तारण ठेवून मोठ्या रकमा व्याजाने देणे हाही त्यांचा व्यवसाय होता. आईकडचे घराणे वेजवुड हे चिनी मातीच्या भांड्यांचे नामांकित कारखानदार. थोरला मुलगा विल्यम तर पुढे साउदॅम्प्टन येथील एका बँकेत भागीदार झाला. शास्त्रज्ञाचे घर म्हटले तरी त्याला वहीखात्याचा वास होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

हीच रोजमेळाची दृष्टी घेऊन ते परसबागेत उतरले, आणि तेथे त्यांनी ज्या एका गोष्टीचा हिशेब मांडला ती त्यांच्या स्वतःच्या संसाराला भिडणारी होती.

केंट परगण्यातील डाऊन हे गाव लंडनपासून सुमारे १६ मैलांवर आहे. १८४२ च्या सप्टेंबरात डार्विन कुटुंब तेथे राहावयास गेले. घर दिसायला कुरूप होते, जमीन खडूच्या दगडाची, वारा बोचरा. तेथे पोहोचल्यावर काही दिवसांतच एमाबाईंना मुलगी झाली आणि तीन आठवड्यांत ती गेली. नव्या वास्तूत पाऊल टाकताच असा घाला पडला, तरी कुटुंबाने ते घर सोडले नाही. डार्विन स्वतः सतत आजारी असत. ओकाऱ्या, थकवा, निद्रानाश यांमुळे दिवसाचे जेमतेम तीन-चार तास काम होई. ज्या माणसाने तारुण्यात पाच वर्षे पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्याचे पुढचे जग अठरा-एक एकरांच्या या जमिनीत मावले. पुढची ४० वर्षे, म्हणजे १८८२ साली मृत्यू येईपर्यंत, ते येथेच राहिले.

दिवाणखान्याच्या खिडक्यांखाली एमाबाईंचे फुलांचे वाफे होते. मुलांच्या खोलीबाहेर तुतीचे झाड होते. भिंतीने बंदिस्त केलेल्या भागात घरच्या स्वयंपाकासाठी भाजी पिकत असे, आणि त्याच भागात डार्विनांचे वाफे होते. त्यात कोबी, वाटाणे व गूजबेरी यांच्या निरनिराळ्या जाती तुलनेसाठी लावलेल्या असत. पुढे १८६३ मध्ये तेथे एक उबदार काचघर उभे राहिले. त्यापलीकडे ‘सँडवॉक’ नावाची वाट होती. शेजारच्या लबक कुटुंबाकडून जमिनीची एक अरुंद पट्टी १८४६ साली भाड्याने घेऊन तीत हेझल, बर्च, हॉली अशी झाडे लावली आणि कडेने वाळूची पाऊलवाट केली. याच लबक घराण्यातील जॉन लबक हे बँकर, खासदार आणि मुंग्या-मधमाश्यांचे अभ्यासक होते. इंग्लंडमध्ये बँकांना कायद्याने सुट्टी मिळवून देणारा १८७१ चा कायदा त्यांच्याच प्रयत्नांनी झाला. बँकेत हयात घालवलेल्या माणसांनी या गृहस्थांचे स्मरण अवश्य ठेवावे.

सँडवॉकवर रोज किती फेऱ्या झाल्या हे मोजण्यासाठी डार्विन गारगोट्यांचा लहानसा ढीग ठेवीत आणि प्रत्येक फेरीला एक गारगोटी पायाने बाजूला सारीत. एकदा ते तेथे इतके निश्चल उभे होते, की खारीची पिल्ले त्यांच्या पायांवरून पाठीवर चढली आणि त्यांची आई झाडावरून व्याकूळ होऊन ओरडत राहिली. ही हकीकतही फ्रान्सिसचीच. गावातील माळ्याचा एक किस्सा जॉन लबक सांगत असत. मालकांची प्रकृती कशी आहे, असे विचारता माळी म्हणाला, की ते दहा-दहा मिनिटे एका फुलाकडे नुसते पाहत उभे राहतात. बिचाऱ्यांना काही उद्योग असता तर प्रकृती सुधारली असती.

उद्योग किती होता, हे मुलांना ठाऊक होते, कारण त्यात त्यांचाही वाटा असे. भुंगे उडताना ठराविक ठिकाणी क्षणभर घोंघावतात आणि पुढे जातात, हे डार्विनांच्या ध्यानी आले. तेव्हा त्यांनी पाच-सहा मुलांना बागेत एकेका ठिकाणी उभे केले. भुंगा आला की त्या त्या मुलाने ओरडून सांगायचे. भुंगा ओळखता यावा म्हणून त्याच्यावर पिठाची चिमूट टाकायची. दुसरा उद्योग बियांचा. समुद्रातून वाहत जाऊन बी दूरच्या बेटावर रुजू शकते काय, हे पाहण्यासाठी त्यांनी ८७ प्रकारचे बी खाऱ्या पाण्यात ठेवले. २८ दिवसांनंतर त्यांपैकी ६४ प्रकार रुजले. वनस्पतिशास्त्रज्ञ हुकर यांना हे पटत नव्हते, म्हणून बाबा हुकरसाहेबांना हरवणार की नाही, असे मुले पुनःपुन्हा विचारीत. तिसरा हिशेब तणाचा. तीन फूट लांब व दोन फूट रुंद जमीन साफ करून तीत उगवणारे प्रत्येक तण त्यांनी खूण करून मोजले. एकूण ३५७ उगवली, २९५ नष्ट झाली, बहुतेक गोगलगायी व कीटकांमुळे. निसर्गातील जीवनसंघर्षाविषयीचा त्यांचा विख्यात ग्रंथ १८५९ साली निघाला, त्यात हा आकडा आहे. त्याच ग्रंथाच्या हस्तलिखिताचे काही कागद पुढे मुलांच्या हाती लागले. एका पानाच्या पाठीवर त्यांच्यापैकी एकाने फळे आणि भाज्या यांच्यातील युद्धाचे रंगीत चित्र काढले आहे. ग्रंथाचे बहुतेक हस्तलिखित हरवले. ज्या थोड्या पानांवर मुलांच्या रेघोट्या होत्या, ती त्या रेघोट्यांपायीच जपली गेली.

या मुलांपैकी ॲनी वडिलांची विशेष लाडकी. १८५१ च्या एप्रिलमध्ये, दहा वर्षांची असताना, मॉल्व्हर्न येथे उपचार चालू असता ती दगावली. एमाबाई दिवस भरत आल्यामुळे डाऊनलाच होत्या. मुलीच्या उशाशी वडील होते. आठवड्याभराने डार्विनांनी तिच्याविषयी काही पाने लिहिली. सँडवॉकवर ते स्वतः भरभर चालत असत, तरी ती गिरक्या घेत त्यांच्या पुढे पुढे जाई, ही आठवण त्यात आहे. पुढे १८५८ मध्ये सर्वांत धाकटा मुलगाही गेला. दहा अपत्यांपैकी सात मोठी झाली; त्यांतील काहींची प्रकृती नाजूक होती. आणि येथूनच बापाच्या मनात एक शंका घर करून बसली.

एमाबाई ही चार्ल्स यांच्या मामाची मुलगी. दक्षिण महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील वाचकांना हे नाते नवे वाटणार नाही. तेथे मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे. इंग्लंडमधील सुखवस्तू कुटुंबांतही ती होती, कारण त्यामुळे इस्टेट घरातच राहते. वेजवुड आणि डार्विन घराण्यांत तर अशी लग्ने एकाहून अधिक झाली. संसार सुखाचा होता. पतिपत्नींमध्ये धर्मश्रद्धेविषयी मतभेद होते, तरी परस्परांविषयी अपार माया होती. परंतु आपल्या रक्ताच्या जवळिकीचा भुर्दंड मुले भरीत आहेत काय, हा प्रश्न डार्विनांना सोडीत नव्हता. माणसांवर प्रयोग करता येत नाहीत. त्यांनी रोपांवर केले.

सुरुवात योगायोगाने झाली. दुसऱ्याच एका हेतूने त्यांनी एका रानफुलाचे दोन वाफे शेजारी शेजारी लावले होते. एकातील बी फुलाच्या स्वतःच्याच परागापासून धरलेले, दुसऱ्यातील बी दुसऱ्या रोपाच्या परागापासून. रोपे वाढली तेव्हा परपरागाची रोपे उघडपणे उंच व सशक्त दिसली. पुढच्या वर्षी दुसऱ्या फुलझाडावर तेच आढळले. मग त्यांनी हे काम हाती घेतले ते ११ वर्षे चालले. फुलांवर बारीक जाळी घालून कीटक दूर ठेवायचे, कुंचल्याने पराग स्वतः लावायचे, बी मोजायचे, दोन्ही प्रकारची रोपे एकाच कुंडीच्या समोरासमोरच्या बाजूंस लावायची आणि उंची इंचात नोंदवायची. एकूण ५७ जातींवर हे प्रयोग झाले. सर्वांत दीर्घ प्रयोग मॉर्निंग ग्लोरी या जांभळ्या फुलांच्या वेलीवर, लागोपाठ दहा पिढ्या. परपरागाच्या वेलींची उंची १०० धरली, तर स्वपरागाच्या वेलींची सरासरी ७७ भरली. हिशेब तपासण्यासाठी आकडे त्यांनी आपले नातलग फ्रान्सिस गाल्टन यांच्याकडे पाठवले. एखाद्या व्यापाऱ्याने वह्या त्रयस्थाकडून तपासून घ्याव्या, तसेच हे होते.

काम रुक्ष खरे. परंतु मुलाच्या आठवणीत ते रुक्ष नाही. बी मोजताना प्रत्येक दाणा म्हणजे आपल्याला चकवून भलत्याच ढिगात शिरणारा किंवा उडी मारून पळणारा सैतान आहे, अशी कल्पना वडील करीत आणि मोजणीचा खेळ होऊन जाई. रोपे हट्टाने मनाविरुद्ध वागली, की त्यांच्याशी ते द्वाड पोरांशी बोलावे तसे बोलत. सहाव्या पिढीत स्वपरागाची एक वेल आपल्या प्रतिस्पर्ध्याहून अर्धा इंच उंच गेली. तिचे त्यांनी ‘हीरो’ असे नाव ठेवले आणि तिची संतती निराळी वाढवून पाहिली; ती संततीही जोमदार निघाली. आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी ही नोंद त्यांनी दडवली नाही, ग्रंथात ठळकपणे दिली. ज्याच्या घरात हा प्रश्न जिवंत होता, त्याला या अपवादाने थोडा दिलासाही मिळाला असेल काय? ग्रंथात तसा शब्द नाही.

हा ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी, १८७१ ची जनगणना जवळ आली असता, चुलत-मामे भावंडांच्या विवाहांची माहिती जनगणनेत विचारली जावी असा डार्विनांचा आग्रह होता. लबक यांनी १८७० मध्ये तो पार्लमेंटपुढे मांडला; तो फेटाळला गेला. तेव्हा मुलगा जॉर्ज याने उपलब्ध आकडे गोळा करून १८७५ मध्ये निबंध लिहिला. इंग्लंडमधील अशा विवाहांचे दुष्परिणाम भीती होती त्या मानाने अल्प दिसतात, असे त्याचे अनुमान होते. जिच्या आईवडिलांचे लग्न हाच प्रश्नाचा विषय होता, त्या पिढीतील मुलाने ही आकडेमोड करावी आणि बापाने ती वाचावी, हा प्रसंग विलक्षणच म्हटला पाहिजे.

गांडुळांचा हिशेब याहूनही जुना. १८३७ साली मामा, म्हणजेच भावी सासरे, जोसाया वेजवुड यांनी आपल्या शेतात दाखवले, की वर्षांपूर्वी पसरलेला चुना व राख आता जमिनीखाली गेली आहे. हे काम गांडुळांचे असावे. डाऊनला आल्यावर, २० डिसेंबर १८४२ रोजी, घराजवळच्या कुरणाच्या एका भागावर खडूचे तुकडे पसरण्यात आले. मग काही करायचे नव्हते. वाट पाहायची होती. १८७१ च्या नोव्हेंबरअखेर, २९ वर्षांनी, तेथे चर खणला तेव्हा पांढऱ्या खड्यांची रेघ सात इंच खोल सापडली. एवढ्या मुदतीची ठेव ठेवून ती न मोडणारे ठेवीदार थोडेच. दुसरे एक शेत इतके गारगोट्यांनी भरलेले, की लहानपणी मुले उतारावरून धावत खाली येत तेव्हा दगड एकमेकांवर आपटून खडखडत. या गारगोट्या मातीआड गेलेल्या पाहायला आपण राहू की नाही, अशी शंका बापाला तेव्हा वाटे. तीस वर्षांनी त्या शेतावरून घोडा दौडत गेला तरी एकाही दगडावर नाल वाजू नये, अशी हिरवळ झाली होती.

म्हातारपणी त्यांनी गांडुळे कुंड्यांत घालून घरातच आणली. सारे घर प्रयोगाला जुंपले गेले. धातूची शिट्टी फुंकली, फ्रान्सिसने बॅसून वाजवला, पियानोही झाला. गांडुळांवर काही परिणाम नाही. कुंडी पियानोवरच ठेवून सूर वाजवला तेव्हा मात्र ती कंपनाने झटकन बिळात शिरली. कागदाचे ३०३ त्रिकोण कापून जमिनीवर टाकले. त्यांपैकी ६२ टक्के गांडुळांनी निमुळत्या टोकाने धरून बिळात ओढले, म्हणजे सोयीची बाजू त्यांना स्पर्शाने कळत होती. निष्कर्ष असा, की गांडुळाला कान नाहीत, डोळे नाहीत (उजेड-अंधार तेवढा जाणवतो), गंधाची जाण क्षीण. परंतु स्पर्श अतिशय तीव्र आणि चव निश्चित. कोबीपेक्षा गाजराची पाने त्यांना प्रिय. आपल्या शास्त्रांत गांडूळ द्वीन्द्रिय जीवांत गणले आहे, स्पर्श आणि रस ही त्याची दोन इंद्रिये. साम्य ताणू नये, दोन्हींचे मार्ग भिन्न आहेत. पण वाचताना ते डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही.

डार्विन शाकाहारी नव्हते, तरुणपणी शिकारीचे वेड होते, आणि कबुतरांच्या जातींची तुलना करण्यासाठी त्यांनी पाळलेली कबुतरे मारून त्यांचे सांगाडेही तपासले. हे सांगितले पाहिजे. तथापि मासेमारीच्या गळाला जिवंत गांडूळ टोचणे त्यांनी किशोरवयातच सोडले होते, मासे कमी मिळाले तरी. १८६३ मध्ये एमाबाईंनी आणि त्यांनी मिळून लोखंडी सापळ्यांच्या क्रौर्याविरुद्ध आवाहन प्रसिद्ध केले. रानातील जनावर त्यात पाय अडकून रात्रभर तडफडते, हे वाचकांच्या डोळ्यांपुढे आणण्याचा त्यांचा प्रयत्न होता.

बागेचा आणखी एक उपयोग होता. गावातील कष्टकऱ्यांच्या परस्पर साहाय्य मंडळाचे डार्विन ३० वर्षे खजिनदार होते. दरवर्षी मे-जूनच्या सुमारास येणाऱ्या सणाच्या सोमवारी मंडळाचे सभासद वाद्ये वाजवीत, निशाण घेऊन घरासमोरच्या हिरवळीवर येत, आणि डार्विन त्यांना मंडळाची आर्थिक स्थिती समजावून सांगत. भाषणात त्याच त्या जुन्या कोट्या असत. आजारपणामुळे विद्वानांच्या सभांना न जाणारा हा माणूस ही वार्षिक सभा मात्र चुकवीत नसे.

१९ एप्रिल १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. गावच्या चर्चच्या आवारात दफन व्हावे अशी कुटुंबाची अपेक्षा होती. देशाने त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबीत नेले. एमाबाई पुढे हिवाळा केंब्रिजला आणि उन्हाळा डाऊनला काढीत. नात ग्वेन रावेरात हिचा जन्म आजोबांच्या मृत्यूनंतरचा. तिने १९५२ साली लिहिलेल्या आठवणींत डाऊनच्या व्हरांड्यासमोरील वाटेवरचे काळे, चकचकीत, गोल गोटे येतात. त्या गोट्यांची आपण लहानपणी अक्षरशः पूजा करीत असू, असे ती सांगते. आजोबांना तिने कधी पाहिले नाही. तिला भेटली ती त्यांची बाग.

१८९६ मध्ये एमाबाई गेल्या. घर भाड्याने गेले, काही वर्षे तेथे मुलींची शाळा भरली. १९२७ मध्ये शल्यचिकित्सक जॉर्ज बक्स्टन ब्राउन यांनी ते विकत घेऊन स्मारकासाठी दिले आणि १९२९ पासून ते लोकांना खुले झाले. पुढे खापरपणतू रँडल केन्स यांना घरातील जुन्या सामानात ॲनीची लिहिण्याची पेटी मिळाली. एमाबाईंनी मुलीच्या आठवणीच्या वस्तू तीत जपून ठेवल्या होत्या. त्या पेटीवरून केन्स यांनी २००१ साली पुस्तक लिहिले.

मुलगा होरेस यंत्रविद्येत निष्णात होता. गांडुळांमुळे दगड जमिनीत किती खचतो हे मोजण्यासाठी त्याने हिरवळीवर मधोमध भोक असलेला मोठा वाटोळा दगड बसवला. भोकातून खाली गेलेली धातूची कांब स्थिर, आणि तिच्या तुलनेत दगड किती उतरला ते पाहायचे. वडील गेल्यावरही त्याने मापे घेणे चालू ठेवले आणि १९०१ साली आकडा प्रसिद्ध केला. दगड वर्षाला २.२२ मिलिमीटर खाली जात होता.